बेली डान्सची आवड आहे ना, मग कॉस्च्युमचा छोटा धंदा नागपुरात असा सुरू करा

क्लासमधल्या मुली मला नेहमी दोनच गोष्टी विचारतात, ताई तुमचा बेल्ट कुठून घेतला आणि मला पण असं शिवून विकता येईल का. बेल्ट घरीच केला, आणि हो, येईल, पण एक अट आहे की तुम्ही स्वतः नाचणं सोडायचं नाही. शिवणकाम येणाऱ्या बायका आपल्या नागपुरात भरपूर आहेत, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार हात आहे त्यांचा, पण शिमी, म्हणजे हिप भरभर थरथरवणं, करताना बेल्ट कोणत्या बाजूने वर चढतो, मागे वाकलं की पाठीचा हुक कसा ताणतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं आणि तुमच्या अंगाला ते माहीत असतं. तेच तुमचं भांडवल आहे, मशीन वगैरे नंतर घेता येते, मी पहिलं वर्षभर आईच्या जुन्या पायाच्या मशीनवरच काढलं.

आधी पोशाख नीट ओळखायला शिका. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो पाठवते आणि म्हणते असं पाहिजे, आता ते असं म्हणजे नेमकं काय हे तुम्हाला कळलं पाहिजे. ब्रा, बेल्ट आणि स्कर्ट असा जो सेट आपण सगळीकडे पाहतो त्याला बेदला म्हणतात, अरबीत बेदला म्हणजे सूट. बदिया मसाबनी नावाच्या बाईने १९२६ साली कैरोत आपला क्लब काढला, तिथे नाच मोठ्या स्टेजवर आला, लांबून दिसायला हवा म्हणून चमक वाढली, आणि मग इजिप्तच्या सिनेमांमुळे ताहिया कारियोका, सामिया गमाल यांच्या काळात हाच पोशाख पक्का झाला. पण बेली डान्स म्हणजे फक्त बेदला नाही. दक्षिण इजिप्तचा सईदी प्रकार काठी घेऊन करतात, त्यात पायापर्यंत लांब गलाबिया असतो आणि कमरेला फक्त एक स्कार्फ बांधतात, पोट दिसतच नाही. हे मी मुद्दाम सांगून राहिली आहे, कारण ज्या मुलींच्या घरी पोट उघडं ठेवायला नाही म्हणतात त्यांना मी पहिले सईदीचा ड्रेस दाखवते आणि बरेचदा आई स्वतःच म्हणते, हा तर छान आहे की.

तिसरा प्रकार ट्रायबल. हा १९८७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत कॅरोलिना नेरिचिओच्या ग्रुपमधून पुढे आला, आणि त्यांनी घेतलं काय तर आपली पाठ उघडी असलेली चोळी, आरशाचं काम, गोंडे आणि दहा वार पंचवीस वार घेराचे घागरे. म्हणजे परदेशात ज्याला फार स्पेशल मानतात ते आपल्या गल्लीतली घागरा-चोळी शिवणारी काकू डोळे मिटून शिवते. तुम्हाला ब्लाऊज शिवता येत असेल तर तुम्ही अर्धा रस्ता आधीच चालून आलेल्या आहात.

आता सुरुवात बेदलाने करू नका बापा, कितीही मोह झाला तरी. आधी हिप स्कार्फ करा. त्रिकोणी कापड, तीन बाजूंपैकी दोन बाजूंना नाणी नाहीतर मण्यांचे लटकन, बांधायला लांब टोकं, बस. दोन-तीन दिवसांत एक होतो, चुकला तर नुकसान थोडं होतं, आणि नागपुरात याला गिऱ्हाईकही जास्त आहे, कारण झुंबा करणाऱ्या बायका, लग्नाच्या संगीतात नाचणाऱ्या वहिन्या, लहान मुलींचे डान्स क्लास, सगळ्यांना छनछन आवाज करणारा पट्टा पाहिजे असतो. नाणी घेताना एक एक हातात घेऊन भोकाची कड बोटाने तपासा, कड धारदार असेल तर चार प्रॅक्टिसमध्ये धागा कापला जातो आणि मग स्टेजवर नाणी सांडतात, त्यावर पाय पडला तर नाचणारी पडू शकते. नाणी मी एकाच लांब धाग्यात ओवत नाही, दर चार-पाच नाण्यांनी गाठ मारून धागा तोडते, म्हणजे एक जागा सुटली तरी बाकीची जागेवर राहतात.

मग स्कर्ट. याचा हिशोब एकदा डोक्यात बसला की आयुष्यभर पुरतो म्हणून जरा सविस्तर सांगते. फुल सर्कल स्कर्ट, म्हणजे दोन अर्धगोल जोडून केलेला, मधे अंगासाठी गोल भोक असलेला स्कर्ट, हा कमरेवर नाही तर खाली हिपवर बसतो, म्हणून माप हिपचं घ्यायचं, सगळ्यात मोठ्या घेराचं. समजा घेर ३८ इंच आला. त्याला ६.२८ ने भागलं की साधारण ६ इंच येतात, ही झाली मधल्या गोलाची त्रिज्या. हिपपासून खाली लांबी समजा ३७ इंच, आणि १ इंच खालच्या कडेचा. ६ अधिक ३७ अधिक १, झाले ४४, म्हणजे ४४ इंच पन्न्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडात एक अर्धगोल अगदी नेमका बसतो. एका अर्धगोलाला कापडाची लांबी लागते ८८ इंच, दोन अर्धगोलांना १७६ इंच, म्हणजे साडेचार मीटरला जरासं कमी. मी पाच मीटर घेते, कारण दुकानात कापड तिरपं फाडून देतात आणि पन्ना लिहिलेला असतो ४४ पण काठ सोडला तर कधी कधी ४३ च भरतो, तेव्हा टेप घेऊनच दुकानात जा, दुकानदाराला राग येत नाही.

मधला गोल कापताना हात आखडता ठेवा. त्रिज्या नुसती अर्धा इंच जास्त गेली की घेर तीन इंचांनी वाढतो, आणि तिरक्या धाग्यावरचं कापड आपोआप पण ताणतं, म्हणून मी आधी अर्धा इंच कमीच कापते, अंगाला लावून पाहते आणि मग वाढवते. शिवून झालं, इलॅस्टिक टाकलं की स्कर्ट लगेच खाली दुमडायचा नाही, एक पूर्ण दिवस आणि रात्र हँगरला लटकवून ठेवायचा. आडवा-उभा धागा जिथे आहे तिथे कापड तेवढंच राहतं पण तिरक्या भागात दीड-दोन इंच खाली उतरतं, ते उतरल्यावर जमिनीपासून मोजून कड सारखी करायची. ही एक रात्र वाचवायला गेलात तर नाचताना स्कर्टचे चार कोपरे लोंबलेले दिसतील आणि मुलीच्या पायात येतील. खालचा घेर जवळपास सात मीटर होतो, तो घरी मशीनवर दुमडण्यापेक्षा फॉल-पिको करणाऱ्या काकूंकडे द्या, बारीक पिको जॉर्जेटवर इतका सुंदर बसतो की गिरकी घेतली की कड लाटेसारखी उठते. फक्त देताना आधीच सांगा की सात मीटर आहे, साडीच्या पदराचा भाव लावून नंतर कुरबुर नको.

कापड कुठे घ्यायचं, तर गांधीबाग आणि इतवारी. सीताबर्डीवर पण मिळतं पण होलसेलचा भाव पाहिजे असेल तर तिकडेच, सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा, गर्दी कमी असते आणि माणूस थान उघडून दाखवायला तयार असतो. मी कापड हाताने चोळून नाही पाहत, एक मीटरभर ओढून हवेत झटकते, जे कापड सावकाश खाली येतं ते घ्यायचं आणि जे धपकन पडतं ते स्कर्टला नको, अस्तराला ठीक. शिफॉन आणि जॉर्जेट स्कर्टला, लायक्रा अंगाला चिकटून बसणाऱ्या स्कर्टला, आणि लायक्रा शिवायचा असेल तर बॉलपॉइंट सुई आणि झिगझॅग टाका, साध्या सुईने टाके सुटतात नाहीतर कापडाला भोकं पडतात. व्हेल, म्हणजे नाचताना हातात धरायची ओढणी, तिला सगळ्यात भारी म्हणजे खरं हलकं रेशीम, पावणेतीन मीटर लांब, ते हातातून सोडलं की क्षणभर हवेतच थांबतं. महाग आहे, म्हणून मी ऑर्डर आल्याशिवाय आणत नाही.

हे सगळं हाताखालून गेलं, सात-आठ स्कर्ट विकले गेले, की मग बेदला. ब्रा शून्यातून शिवायची नाही. बाजारातली चांगली, जाड कपची, आतून तार असलेली ब्रा घ्यायची आणि ती पाया म्हणून वापरायची, तिचे इलॅस्टिकचे पट्टे कापून टाकायचे कारण मण्यांचं वजन पडलं की इलॅस्टिक लोंबतं, आणि त्याजागी कॅनव्हास घातलेले, न ताणणारे कापडाचे पट्टे लावायचे. कपवर कापड चढवताना खालून एक प्लीट घ्यावी लागते, ती कुठे येते ते पहा आणि त्यावरच मण्यांची पहिली रांग घाला म्हणजे झाकली जाते. कप हाताने शिवा, मशीनने कप चेपतो. मागे एक हुक कधीच नको, तीन हुक, आणि ते सुद्धा मोठे.

बेल्टला जाड बकरम नाहीतर दोन थर कॅनव्हास घ्या आणि तो सरळ पट्टीसारखा कापू नका. हिपला वळण असतं, सरळ पट्टी वरून उघडी पडते आणि खालून कापते. कागदावर वळण काढा, गिऱ्हाइकाच्या अंगावर टाचण्या लावून पहा, पुढे मागे खाली उतरता आणि बाजूला वर चढता असा आकार सगळ्यांना शोभतो. माप घेतलं त्यापेक्षा बेल्ट एक इंच घट्टच करा, नाचताना अंग गरम झालं की अस्तर सैल पडतं आणि सैल बेल्ट शिमीला साथ देत नाही, मुलगी हलते आणि बेल्ट मागाहून हलतो, असं फार वाईट दिसतं.

आता मण्यांची झालर, जिच्यासाठी सगळा खटाटोप. झालर नाचाचं काम मोठं करून दाखवते, हिपचा छोटासा झटका मागच्या रांगेत बसलेल्याला दिसतो तो झालरीमुळे. म्हणून मणी काचेचेच घ्या. प्लास्टिकचे हलके असतात, मुलींना वाटतं बरं आहे वजन नाही, पण त्यांना झोका येत नाही, नुसते फडफडतात. ३८ इंच बेल्ट, इंचाला ४ लड्या धरल्या तर १५२ लड्या होतात. नायलॉनचा धागा डबल घ्या, मणी ओवत खाली जा, शेवटचा मणी सोडून त्याच लडीतून परत वर या, अस्तरात पक्की गाठ, धागा कापा, पुढची लडी नवीन. प्रत्येक लडीला चार मिनिटं धरा, दहा तास होतात, आणि हे नुसत्या बेल्टचे. मी हे दुपारी पंख्याखाली करते, मांडीवर काळं कापड अंथरून, म्हणजे सांडलेला मणी दिसतो. काम वाढलं तेव्हा आरीचं भरतकाम करणाऱ्या एका चाचांना थोडं दिलं, त्यांनी पहिल्यांदा सगळी झालर एकाच धाग्यात सुंदर ओवून आणली, मी बोटाने एक लडी ओढून दाखवली तसे ते लगेच म्हणाले, समझ गया बेटा, ये तो नाचनेवाली का माल है. तेव्हापासून प्रत्येक लडीला वेगळी गाठ असते.

गोंद वापरू नका, हे मी भोगून सांगते. सुरुवातीला वेळ वाचवायला एका बेल्टवर खडे आणि लेस ग्लू गनने चिकटवले होते, दिसायला अगदी मस्त झालं होतं. मे महिना, दुपारची वेळ, ऊन तर तुम्हाला माहीतच आहे आपलं, मी तो बेल्ट पिशवीत घालून गाडीच्या डिक्कीत ठेवला आणि प्रोग्रामच्या ठिकाणी पोचायला पाऊण तास लागला. ग्रीन रूममध्ये पिशवी उघडली तर गोंद वितळून लेस सरकलेली, खडे एकमेकांना चिकटलेले, टिकल्या उन्हाने वाकड्या झालेल्या. ती मुलगी रडायला लागली. मी सेफ्टी पिना लावून, वरून माझा स्वतःचा हिप स्कार्फ बांधून तिला उभं केलं, तिचे पूर्ण पैसे परत केले आणि त्या दिवसापासून माझ्या घरात कॉस्च्युमला गोंद लागला नाही. टिकली पण शिवूनच, आणि इस्त्री लांब ठेवायची, स्वस्त टिकली वाफेनेच आकसते आणि घामाने रंग पण सोडते. आणल्या आणल्या दोन टिकल्या ओल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी रुमाल रंगला असेल तर ते पाकीट वापरू नका.

प्रत्येक पीस तयार झाला की द्यायच्या आधी नाचून पहा. आरशासमोर उभं राहून छान दिसतं हे पुरेसं नाही. साईज जवळपास असेल तर मी स्वतः घालते, नाहीतर फिटिंगला गिऱ्हाइकालाच पूर्ण एक गाणं नाचायला लावते, शिमी, कॅमल म्हणजे अंगाची लाट, मागे वाकणं, जमिनीवर बसून उठणं, दोन्ही हात पूर्ण वर. हात वर गेल्यावर ब्राची खालची कड वर सरकली तर पट्टे चुकले आहेत. उठताना स्कर्ट टाचेखाली आला तर लांबी चुकली. झालर केसांत नाहीतर व्हेलमध्ये अडकली तर ती लांब आहे. कोणी लाजत असेल तर मी खोलीतून बाहेर जाते आणि नंतर विचारते कुठे ओढलं.

लाजण्याचा विषय निघाला म्हणून सांगते, माप घरात, दार लावून, बाईनेच घ्यायचं आणि सोबत कोणी आलं असेल तर त्यांना बसायला जागा, पाणी, चहा. पोट झाकायचं असेल तर स्किन कलरची नेट लावतात, पण दुकानात जो स्किन कलर म्हणून मिळतो तो बहुतेकींच्या अंगाचा नसतो, गोरट पांढुरका असतो, तो सावळ्या अंगावर पट्टी बांधल्यासारखा दिसतो. तपकिरी छटांचे तीन-चार नमुने ठेवा आणि मनगटाला नाही, पोटालाच लावून पहा. आणि गिऱ्हाइकाचा फोटो तिला विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही म्हणजे नाही, ती हो म्हणाली तरी चेहरा ठेवायचा का ते वेगळं विचारायचं. मी डमीवर कपडा घालून फोटो काढते, पण व्हिडिओ मात्र स्वतः घालून, कारण झालर हलताना दिसली की ऑर्डर येतेच.

भाव काढताना मुली सगळ्यात जास्त घाबरतात आणि मग फुकटात राबतात. माझा एका बेदलाचा हिशोब देते, तुमचा वेगळा येईल. ब्रा ५००, वरचं कापड ३००, मणी १२००, कॅनव्हास-अस्तर-हुक १५०, स्कर्टचं कापड ४५०, पिको १५०, झाले २७५०. हातकाम ३० तास, तासाला ८० रुपये धरले तरी २४००. लाईट, सुया, जाणं-येणं, पॅकिंगचे ५००. एकूण ५६५०, आणि मी ते ६५०० ला देते. कोणी म्हणालं ऑनलाइन दोन हजारात मिळतं तर खरंच मिळतं, तिला ते घेऊ द्या, आणि दुरुस्तीला आली तर दुरुस्तीचे पैसे घ्या. अर्धे पैसे ॲडव्हान्स, त्याशिवाय कापड कापू नका, मैत्रीण असली तरी.

भाड्याने पण चालतं, आपल्याकडे तर जास्तच, कारण गॅदरिंगमध्ये एकदा घालायच्या ड्रेससाठी कोणी साडेसहा हजार का देईल. हिप स्कार्फ, स्कर्ट, आयसिस विंग्स म्हणजे हातात धरून फिरवायचे कापडाचे मोठे पंख भाड्याने द्या, डिपॉझिट घेऊन, देताना समोर मोबाईलवर व्हिडिओ काढून. ब्रा मी भाड्याने देत नाही, ती धुता येत नाही आणि अंगाला लागते, त्याऐवजी वरून घालायची चोळी ठेवली आहे जी धुता येते.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटी फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत लागत नाही आणि भाडं ही सेवा धरतात, तिथे मर्यादा २० लाख, पण नागपूरवाल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, राज्याबाहेर माल विकला तर सहसा उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते, आणि आपल्याला रायपूर, छिंदवाडा, जबलपूरच्या ऑर्डर सहज येतात, तेव्हा पहिली बाहेरची ऑर्डर घ्यायच्या आधी सीएला विचारा. मशीनसाठी पैसे पाहिजे असतील तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज असतं, बँकेत साधा हिशोब लिहून घेऊन जा.

वर्षाचं चक्र पण बांधून घ्या. गणपती, मग नवरात्र, मग डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजचं गॅदरिंग, त्यातच लग्नाचे संगीत, हे चार-पाच महिने झोपायला वेळ नसतो. उन्हाळ्यात ऑर्डर कमी असतात, तेव्हा मी झालरीच्या तयार पट्ट्या करून ठेवते, वाराच्या मापाने, रंगाप्रमाणे डब्यात. गॅदरिंगच्या ऑर्डर मी १५ नोव्हेंबरला बंद करते, दारावर चिठ्ठीच लावते.

आणि प्रत्येक पार्सलमध्ये एक छोटी थैली टाका, त्यात दोन जास्तीचे हुक, त्याच रंगाचा धागा ओवलेली सुई, सहा सेफ्टी पिना आणि चिमूटभर मणी. माझ्याकडून ड्रेस नेलेली एक मुलगी सुरेश भट सभागृहात विंगेत उभी होती, तिच्या आधीचा डान्स चालू होता आणि तिचा मागचा हुक तुटला, तिने मैत्रिणीकडून त्या सुईने दोन मिनिटांत शिवून घेतला आणि स्टेजवर गेली. पुढच्या महिन्यात त्या मैत्रिणीची ऑर्डर आली, हिरवा बेदला, तांब्याच्या रंगाची झालर.